सात नंबरची बारा इंजिनं

सुरुवातीलाच सांगून टाकतो. मला यंत्रातलं कळतं! मी लिफ्टच्या कंपनीत नोकरीला आहे, तेही थेट तक्रारींच्या फोनवर. लोक लिफ्टमध्ये अडकले की मला फोन करतात आणि मी शांतपणे सांगतो, "सगळी बटणं एकदा दाबून बघा." निम्मे तेवढ्यावर सुटतात. उरलेल्यांचा पुन्हा फोन येत नाही, म्हणजे तेही सुटलेच असणार. आता अशा माणसाला वीतभर लांबीच्या खेळण्यातल्या इंजिनाची काय मातब्बरी? अहो, आगगाडी म्हणजे तरी शेवटी काय? आडवी पडलेली लिफ्ट!

'खेळण्यातलं' हा शब्द मी इथे बिनधास्त वापरला, कारण आत्या इथे नाही. तिच्यासमोर 'मॉडेल' म्हणायचं. एकदा चुकून खेळणं म्हणालो होतो, तर दोन दिवस माझ्याच ताटातल्या जेवणाला मीठ नव्हतं.

मी आत्याकडे राहतो. नोकरी लागली, पण परवडेल अशी खोली मिळेना. आत्या म्हणाली, "अरे, परक्यासारखा काय विचारतोस? आपलंच घर आहे, ये." मी वळकटी घेऊन आलो. आल्यावर कळलं की घर आपलंच आहे, पण खोली रेल्वेची आहे. खोलीत दोन टेबलं. मोठ्या टेबलावर डोंगर, नदी, पूल, दोन स्टेशनं, रंगवलेल्या भुशाची झाडं आणि अकरा इंजिनं. लहान टेबलावर रुळांचं एकच कडं आणि त्यावर एकच इंजिन. त्याचं नाव म्हातारबा. आणि लहान टेबलाच्या खाली कोण? मी!

होय, पदवीधर, पगारदार, दाढी करणारा माणूस रेल्वेलाइनीखाली झोपतो! कुणी पत्ता विचारला तर काय सांगू? 'लहान टेबल, डावीकडचे दोन पाय' असं?

त्यात आत्या म्हातारबाला भल्या सकाळी फिरायला नेते. "या वयात व्यायाम हवा," असं तिचं म्हणणं. माझ्या कपाळाच्या वीतभर वरून खडखड खडखड सुरू होते. मी दचकून उठतो, तेव्हा माझं डोकं फळीवर आपटतं. डोकं आपटलं की म्हातारबा रुळावरून घसरतो. आणि घसरला की आत्या वरून ओरडते, "झोपेत तरी नीट वाग रे!"

आत्या कोण, तर निवृत्त भूलतज्ज्ञ! उभ्या आयुष्यात हजारो अनोळखी माणसांना तिने गाढ झोपवलं, आणि सख्ख्या भाच्याच्या डोळ्याला डोळा लागू देत नाही. याला न्याय म्हणतात?

आता म्हातारबाला वेगळं टेबल कशासाठी, हे विचाराल तर ऐका. मोठ्या टेबलावर नवी डिजिटल पद्धत आहे. तिथल्या प्रत्येक इंजिनाच्या पोटात डीकोडर नावाचा नखाएवढा तुकडा असतो आणि प्रत्येकाचा एक नंबर असतो. पेटीवर नंबर दाबायचा, गोल बटण फिरवायचं, की ज्याचा नंबर तेवढंच इंजिन पळतं. बाकीची ढिम्म. म्हातारबाच्या पोटातही डीकोडर आहे, पण तो जुन्या पद्धतीचा. नवी पेटी काय बोलते त्यातलं त्याला अक्षर कळत नाही. म्हणून त्याला वेगळी पेटी, वेगळे रूळ, वेगळं टेबल. एका म्हाताऱ्यासाठी अख्खा वेगळा संसार! आणि मला साधी खाट नाही! मी टेप लावून मोजलं होतं. लहान टेबल गेलं तर त्या जागी एक खाट अशी बसते, की जणू खोली बांधणाऱ्याच्या मनात तीच होती.

म्हणून एके दिवशी जेवताना मी जाहीर केलं, "आत्या, म्हातारबाला मी नव्या पद्धतीवर आणतो. पोटातला जुना डीकोडर काढायचा, नवा घालायचा. एका रविवारचं काम!"

सगळे जेवायचे थांबले. आतोबांनी, म्हणजे आत्याच्या यजमानांनी, घसा साफ केला. ते निवृत्त वृत्तनिवेदक आहेत. रेडिओवर बातम्या वाचून वाचून त्यांचा आवाज असा झालाय, की ते 'पाणी द्या' म्हणाले तरी कुठेतरी पूर आल्यासारखं वाटतं.

"भाच्याची महत्त्वाकांक्षी घोषणा," आतोबा म्हणाले. "जाणकार वर्तुळांत चिंतेचं वातावरण."

"तुला जमणार आहे का पण?" ताईने विचारलं. ताई म्हणजे माझी आतेबहीण. "माझ्या मिक्सरचं झाकण बसवायला गेलास, तर ते अजून निघालेलं नाही."

"पक्कं बसवलं हा दोष झाला का?"

आत्याने मात्र माझ्याकडे बराच वेळ बघितलं. भूल देण्याआधी पेशंटकडे बघतात तसं. मग म्हणाली, "ठीक आहे. म्हातारबा मोठ्या टेबलावर धावला, तर लहान टेबल बोगदेकाका घेऊन जातील आणि तिथे तुझी खाट."

"आणि नाही धावला तर?"

"तर तू धाव."

बोगदेकाका हे आत्याच्याच छंदातले. त्यांनी घरी रेल्वेलाइन टाकताना इतके बोगदे बांधलेत, की त्यांची गाडी अजून कुणी धड बघितलेली नाही. ती आत जाते, एवढं नक्की. त्यांची सगळी इंजिनं जुन्या पद्धतीची, आणि त्यांची जुनी पेटी जळून गेलेली. त्यामुळे आमच्या लहान टेबलावर आणि त्याच्या पेटीवर त्यांचा कधीपासून डोळा होता. ते रविवारी संध्याकाळी टेम्पो घेऊन येणार असं ठरलं. फोनवर मला एवढंच म्हणाले, "बाळ, टेबल मला हवंय हे खरं. पण जुन्या जीवाला छेडू नये. मरेल तो!"

काय पण आशीर्वाद!

रविवारी मी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसलो, तर आत्या मास्क, हातमोजे आणि कपाळाला दिवा बांधून हजर.

"पेशंटचं वय?" तिने विचारलं.

"मला काय माहीत?"

"तुझ्याएवढाच आहे. तू जन्मलास त्या वर्षी आणला. तुला बघायला यायचं होतं, पण हा आदल्याच दिवशी घरी आला, मग जमलं नाही." हे तिने इतक्या सहज सांगितलं, की मला रागवायलाही जागा सापडेना. तिने इंजिनावर हलकेच हात ठेवला. "श्वास घे. खोल."

"मी?"

"तोच घेणार आहे का? तुझा हात थरथरतोय!"

मी चार स्क्रू काढले, वरचं आवरण उचललं. आत जुना डीकोडर धूळ पांघरून बसला होता. तो काढला. पण नवा लावण्याआधी एक नाजूक काम असतं. जुन्या इंजिनांत मोटरची एक बाजू इंजिनाच्या धातूच्या अंगालाच चिकटलेली असते. नव्या पद्धतीला हे चालत नाही. मोटर आणि अंग यांच्यात स्पर्शसुद्धा होता कामा नये, नाहीतर नवा डीकोडर जळून जातो. थोडक्यात, मोटरला स्वतःची वेगळी जागा द्यावी लागते. बघा म्हणजे! या घरात येऊन मला इतके महिने झाले, आणि खासगी खोली पहिल्यांदा मिळाली ती म्हातारबाच्या मोटरला!

मी मोटरखाली प्लॅस्टिकचा पातळ तुकडा घातला आणि वरून ताईच्या नेलपॉलिशचे दोन हात दिले. तेवढ्यात ताई दारात आली.

"माझं नेलपॉलिश?"

"अवयवदान समज."

"ते महागातलं होतं!"

"म्हातारबाला शोभतंय पण," आत्या म्हणाली. "हलू नकोस तू. लाल आणि काळी वायर चाकांकडे. नारिंगी आणि करडी मोटरकडे. डाग दे."

मी कथिल वितळवून डाग दिला. धूर निघाला. बाहेरच्या खोलीतून आवाज आला, "शस्त्रक्रिया सुरू असलेल्या भागातून धुराचे लोट. नागरिकांनी अफवांवर विश्वास ठेवू नये."

पण झालं! चारही वायरी जागेवर बसल्या, आवरण चढलं, स्क्रू लागले. आता राहिला फक्त नंबर. नव्या डीकोडरला त्याचा नंबर पेटीतून सांगावा लागतो.

"कुठला देऊ?"

"सात," आत्या म्हणाली. "मोठ्या टेबलावर राणीचा एक, हिरवीचा चार, मालगाडी ओढणाऱ्या रेड्याचा बारा. सात मी कुणालाच दिलेला नाही. याच्यासाठी ठेवला होता." आणि ती गडबडीने कपाळावरचा दिवा विझवून चहाचं बघायला गेली. जाता जाता भिंतीवरच्या फळीकडे बोट दाखवून म्हणाली, "त्या रुळावर ठेव आणि नंबर दे. दुसरं काही करू नकोस."

त्या फळीवर रुळाचा एक वीतभर तुकडा होता. पेटीच्या मागून दोन स्वतंत्र वायरी निघून त्याला जोडलेल्या. ना आगा, ना पिछा. ना स्टेशन, ना सिग्नल. म्हातारबा त्यावर ठेवला तर पुढे टोक, मागे टोक. मला फार वाईट वाटलं. इतक्या वर्षांनी माणूस नवं आयुष्य सुरू करतोय, आणि त्याचा पहिला दिवस फळीवर? धावपटूची परीक्षा काय न्हाणीघरात घेतात?

म्हणून मी जरा डोकं वापरलं. मोठ्या टेबलाच्या नेहमीच्या वायरी काढल्या, त्या जागी फळीकडच्या दोन वायरी लावल्या, म्हातारबाला मोठ्या टेबलावर ऐन स्टेशनासमोर मानाने उभं केलं आणि पेटीवर नंबर दाबला. सात! पेटीने काहीही कुरकुर केली नाही. आजूबाजूला अकरा इंजिनं गुपचूप उभी होती. मग मी सगळ्या वायरी होत्या तशा पुन्हा जोडून ठेवल्या. टापटीप म्हणजे टापटीप!

आता एकदा चालवून बघावं म्हणून बटणाला हात लावणार, तोच आत्या आली.

"हात काढ! पेशंट आपला आपण शुद्धीवर येतो. पहिली फेरी सगळ्यांसमोर, आणि चालवणार मी."

म्हणजे बघा, चाचणी घ्यायला मी तयार होतो. ती कुणी घेऊ दिली नाही, हे कृपा करून लक्षात ठेवा!

संध्याकाळी बोगदेकाका आले. खांद्यावर दोरखंड, हातात मोठी कापडी पिशवी, आणि खाली टेम्पोवाला एकसारखा हॉर्न वाजवतोय. काकांनी म्हातारबाकडे बघून मान हलवली. "चेहऱ्यावर तेज नाही राहिलं, डॉक्टरबाई."

"भाऊ, तुम्ही फक्त बघा," आत्या म्हणाली. तिने साडीचा पदर खोचला, सात दाबला आणि गोल बटण हळूच फिरवलं.

म्हातारबा हलला! इतका अलगद, की लोण्यातून सुरी. ना खडखड, ना हिसका. आत्याच्या तोंडून 'अगं बाई!' असं काहीतरी निघालं. माझ्या डोळ्यांसमोर खाट आली, गादीसकट.

मग राणी हलली.

"राणीला कुणी बोलावलं?" आत्या म्हणाली.

मग हिरवी निघाली. मग डोंगरामागून रेडा निघाला. मग राहिलेली सगळी! बाराच्या बारा इंजिनं एकाच वेगाने, जिकडे तोंड असेल तिकडे निघाली. वर्गात एकाचं नाव पुकारावं आणि सगळ्या वर्गाने 'हजर' म्हणावं तसं! पुलावर समोरासमोर आलेली दोन एकमेकांना भिडली आणि नाकाला नाक लावून ढकलाढकली करू लागली. हिरवी स्टेशनात शिरली आणि उभ्या डब्यांना घेऊनच बाहेर पडली.

आतोबांचा आवाज मुळीच चढला नाही. "सर्व गाड्या एकाच वेळी सुटल्या आहेत. पुलावर कोंडी. दुसऱ्या स्टेशनाशी संपर्क तुटला आहे."

"थांबव! थांबव ना रे!" आत्या ओरडली. तिने घाबरून बटण उलटं फिरवलं. झालं! बाराही इंजिनं तितक्याच आज्ञाधारकपणे उलटी निघाली आणि पाठीकडून एकमेकांना धडकायला लागली.

आता माझा अनुभव कामी येणार होता. मी शांतपणे म्हणालो, "सगळी बटणं एकदा दाबून बघ."

तिने दाबली. बारा इंजिनांच्या बारा शिट्ट्या एकदम सुरू झाल्या! खालच्या टेम्पोवाल्याला वाटलं, आपल्याला उत्तर येतंय. तो आणखी जोरात हॉर्न वाजवायला लागला.

तेवढ्यात रेडा टेबलाच्या कडेला आला, वळणावर वळलाच नाही, आणि सरळ हवेत गेला. आत्याने डोळे मिटले. ठप्प असा आवाज झाला. रेडा बोगदेकाकांच्या पिशवीत पडला होता.

"मी काही केलं नाही!" काका म्हणाले. "तो आपण होऊन आला!"

शेवटी ताई आली, सगळ्यांकडे एकेकदा बघितलं, आणि भिंतीतला प्लग उपटला. शांतता झाली. ताई एवढंच म्हणाली, "मिक्सरच्या झाकणापेक्षा बरं जमलंय," आणि आत निघून गेली.

आत्याने प्लग पुन्हा लावला. राणीचा नंबर दाबला. काही नाही. हिरवीचा दाबला. काही नाही. सात दाबला, आणि टेबलावरची अकराच्या अकरा सरसावली. आत्या मटकन खुर्चीत बसली.

"संसर्ग," ती म्हणाली.

"काय?"

"सगळ्यांना साताची लागण झालीय. म्हातारबाला या टेबलावर आणलं, आणि दहा मिनिटांत सगळा वॉर्ड गेला." तिने मास्क चढवला. एक आतोबांना दिला. आतोबांनी मुकाट्याने लावला.

"अगं आत्या, लोखंडाला कुठे लागण होते?"

"मग तू सांग काय झालंय!"

आता हे मला माहीत असतं तर मी सांगितलं नसतं का? पण बोगदेकाकांना सगळं माहीत होतं. "तरी मी म्हणत होतो! म्हाताऱ्याला छेडलंत. आता त्याने तरुणांना वळण लावलं. माझ्या आजोबांनीही असंच केलं होतं. घरातले सगळे त्यांच्यासारखेच खोकायला लागले!"

आत्याचा चेहरा बघवत नव्हता. खोलीत दुसऱ्या कुणाला काही वाटो, मला मात्र टेबलाखालची माझी वळकटी दिसत होती. 'तर तू धाव' हे शब्द कानात वाजत होते. मी छाती पुढे काढली. "एवढं काही झालेलं नाही. ज्याचा त्याचा नंबर पुन्हा देतो, की संपलं! आधी राणी."

म्हातारबाला नंबर देताना जी युक्ती केली होती, तीच केली. ती तर बरोबर चालली होती ना! फळीच्या दोन वायरी मोठ्या टेबलाला लावल्या, राणीकडे रोखून बघितलं, एक नंबर दिला, वायरी पूर्ववत केल्या.

आत्याने एक दाबला. राणी निघाली!

"बघ!" मी म्हणालो.

तिच्या मागोमाग बाकीची दहाही निघाली.

"साताची लागण बरी झाली," आतोबा म्हणाले. "एकची साथ पसरली."

मी हिरवीला चार नंबर दिला. सगळी चार झाली! मी म्हातारबाला पुन्हा सात द्यायला निघालो, तेव्हा आत्याने माझा हात धरला. "पुरे. आता त्यांना काही देऊ नकोस. जशी आहेत तशी असू देत."

अपमान! भर सभेत अपमान! आणि खाली तो हॉर्न!

इतक्यात बोगदेकाकांनी पिशवीतून हळूच रेडा काढला आणि कुणाचं लक्ष नाही असं बघून रुळावर ठेवला. आपल्यावर आळ यायला नको म्हणून. आत्याने चार दाबला. सगळी हलली, रेडा नाही.

"गेला," आत्या म्हणाली. "रेडा गेला!" तिने रेड्याच्या पाठीवरून बोट फिरवलं. "पडला तेव्हाच मला कळायला हवं होतं. अहो, हा साधा दिसला तरी किती ओढायचा हो!" आणि हताशपणे, सवयीने म्हणा, तिने सात दाबला.

रेडा एकटाच डुलत डुलत निघाला.

राणी-हिरवीसकट दहा इंजिनं चार नंबरची झाली होती. म्हातारबासुद्धा चारच होता. आणि पिशवीत बसलेला रेडा मात्र अजून सात! म्हणजे मी नंबर देत होतो तेव्हा जे जे रुळावर होतं, ते ते...

आत्याने सावकाश मास्क खाली केला. "म्हातारबाला नंबर दिलास, तेव्हा तो कुठे होता?"

"इथेच. स्टेशनासमोर."

"आणि फळीवरचा रूळ?"

"त्याला ना आगा ना पिछा, आत्या! मला वाटलं, बिचाऱ्याला जरा मोकळी जागा..."

"अरे, तो म्हणूनच तोडून ठेवलाय! त्या वायरींतून पेटी नंबर सांगते, तेव्हा कुणाचं नाव घेऊन सांगत नाही. रुळावर जो जो असेल, त्याला वाटतं मलाच सांगितलं. म्हणून एकेकाला बाजूला घेऊन कानात सांगायचं असतं!"

"मग हे आधी सांगायला नको?"

"भूल एकाच पेशंटला द्यायची, अख्ख्या वॉर्डाला द्यायची नाही, हेही सांगावं लागतं का?"

यावर माझ्याकडे उत्तर होतं. पण मी घरातला लहान, म्हणून बोललो नाही.

मग एकेक इंजिन उचलून फळीवर ठेवलं आणि त्याच्या कानात त्याचा त्याचा नंबर सांगितला. राणीला तिचा, हिरवीला तिचा, रेड्याला त्याचा. आत्या प्रत्येकाच्या डोक्यावरची धूळ पुसत होती. सगळ्यात शेवटी म्हातारबा.

आत्याने तो मोठ्या टेबलावर ठेवला. सात दाबला. या वेळी बाकीची अकरा ढिम्म उभी होती, आणि म्हातारबा एकटा निघाला. स्टेशनातून बाहेर, डोंगराला वळसा घालून, नदीवरच्या पुलावर. आयुष्यभर एका कड्यावर गोल गोल फिरलेलं इंजिन पहिल्यांदा पूल बघत होतं. आत्या खुर्चीतून उठली आणि टेबलाच्या कडेकडेने त्याच्याबरोबर चालत गेली. एक फेरी. मग आणखी एक.

"वाहतूक सुरळीत," आतोबा हळू आवाजात म्हणाले. त्यांनी मास्क अजून काढलेला नव्हता.

आत्याने नाक पुसलं आणि माझ्याकडे वळली. "शब्द दिला तो दिला. भाऊ, टेबल उचला. पोराला खाट आणायचीय."

ऐकलंत? माझे कान तृप्त झाले! मी लहान टेबलाखालून वळकटी ओढून बाहेर काढली, टेबलाच्या एका बाजूला हात घातला आणि म्हणालो, "काका, तुम्ही ती बाजू धरा."

काका हलले नाहीत. ते म्हातारबाकडे टक लावून बघत होते.

"इतका मऊ चालतोय?" ते म्हणाले. "हे सगळं याने केलं?"

आता इथे मी गप्प बसलो असतो, तर ही गोष्ट इथेच सुखाने संपली असती. पण सकाळपासून कुणी माझं कौतुक केलं नव्हतं. माणूस आहे मी!

"मीच," मी म्हणालो. "एका रविवारचं काम!"

काकांनी खांद्यावरचा दोरखंड खाली ठेवला. "मग टेबल नेऊन मी काय करू? माझी पाचही इंजिनं याच्याच हाताने नव्या पद्धतीवर आणतो. जुनं जुनं म्हणून किती दिवस धरून बसायचं?"

"अहो, पण तुम्हीच म्हणाला होतात ना, छेडू नये म्हणून!"

"ते हा चालताना बघायच्या आधी."

"ठीक आहे, इंजिनं आणा. आनंदाने आणा! पण टेबल न्या!"

"टेबल कसं जाईल?" आत्या मध्येच म्हणाली, आणि तिच्या कपाळावरचा दिवा पुन्हा पेटला. "ऑपरेशनच्या आधी पेशंट तपासायला नको? मोटर धड आहे की नाही, हे जुनं इंजिन जुन्या पेटीवर चालवून बघितल्याशिवाय कळणार कसं? भाऊंची पेटी जळाली. ओळखीतल्या बाकी सगळ्यांनी फेकून दिल्या. आता या सबंध गावात जुन्या पद्धतीचं टेबल हे एकच उरलंय. ते घालवतोस?"

मी टेबलाची बाजू सोडली.

टेम्पो रिकामा परत गेला नाही. बोगदेकाका त्यातूनच घरी गेले आणि त्यातूनच पाच जुनी इंजिनं घेऊन परत आले. वाटेत त्यांनी आणखी कुणाकुणाला सांगितलं. आता आमच्याकडे गावभरची जुनी इंजिनं दाखल होतात. आत्या भल्या सकाळी त्यांना लहान टेबलावर एकेक करून तपासते. पूर्वी माझ्या कपाळावरून एक म्हातारा जायचा. आता रांग जाते.

आत्याने शब्द मात्र पाळला, हे कबूल केलं पाहिजे. खाट आणली. सागवानी, मजबूत, वर जाड गादी. खोलीत जागा नाही म्हणून ती बाहेरच्या खोलीत टाकलीय, पंख्याखाली. तिथे ऑपरेशन झालेली इंजिनं झोपतात. पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत पेशंटला हलवायचं नसतं, म्हणे!